जोडीची बरणी

११ जानेवारी

प्रिय मोजपट्टी,

बाबांनी ठेवलेलं हे नाव तुला अजून चालतं, की मोठ्या शहरात गेल्यावर तेही मागे टाकलंस? खरं तर फोनच करणार होते. पण तुझं ते थंडगार ‘हं, बोल’ कानावर पडलं की माझं डोकं फिरतं आणि कामाचं बोलायचं राहून जातं. कागदावर निदान खोडता येतं.

काम असं आहे. बसच्या डेपोतला कॅन्टीनवाला तुला आठवत असेल. आईकडून खारवलेलं मांस न्यायचा तो. हसायला लागला की आधी पोट हलायचं, मग आवाज यायचा. परवा इस्त्रीच्या दुकानात माझ्यासमोर येऊन उभा. मला वाटलं शर्ट टाकायला आलाय. म्हणाला, “तुमच्या आई गेल्यापासून तसं मांस कुठे मिळालंच नाही. तुम्ही कराल का? दर सोमवारी पंधरा किलो उचलतो.” मी हो म्हणायच्या आत त्याने अट घातली, “भांडं खाण्याच्या कामाचं आहे असं कुणा जाणकाराकडून लिहून आणा. हल्ली आमच्याकडे तपासणी असते.” मी म्हटलं, जाणकार माझ्या पाठीवरच जन्मलीये. दिवसभर डबे-बरण्या उकळते आणि त्याचा पगार घेते.

हे काम मला हवंय, हे तुला सरळच सांगते. नवऱ्याने घालवून दिल्यावर मी बाबांच्या घरी आले ती चार दिवसांसाठी, आणि ते चार दिवस अजून संपले नाहीत. दुकानात रोजचे नव्वद कपडे होतात. उजवं मनगट पार गेलंय, इस्त्री उचलायला जावं तर हात खालीच लोंबतो. हे मांसाचं जमलं तर दुकान सोडेन, आणि माझं म्हणून काहीतरी असेल.

घरात काय काय आहे ते ऐक. मागच्या अंगणातली पत्र्याची बादली, चांगली जड आणि चकचकीत. आईचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं. पांढरा इनॅमलचा टोप, काठाला जरा टवका उडालाय. आणि शेजारच्या धोब्याने दिलेला निळा पिंप. त्याच्या तळाला त्रिकोणात दोन आकडा आहे. धोबी छातीठोकपणे सांगतो, दोन आकडा म्हणजे खायला चालतं. यातलं कोणतं घेऊ ते लिही आणि कॅन्टीनवाल्याला दाखवायला एक वेगळा कागद दे, खाली सहीसकट.

आईची बरणी असती तर हे पत्र लिहिलंच नसतं. ती कुणी नेली हे तुला सांगायला नको.

बाबा बरे आहेत. कान पूर्ण गेले. टीव्ही पूर्ण आवाजात लावून मला म्हणतात, ओरडू नकोस.

ताई

१७ जानेवारी

ताई,

पत्र काल मिळालं. चारही भांडी नकोत.

पत्र्याच्या बादलीची चकाकी जस्ताच्या थराची आहे. तुझ्या पाण्यात मीठ असणार आणि आईच्या पद्धतीने व्हिनेगरही. दोन्ही मिळून तो थर पाण्यात उतरवतील आणि खाणाऱ्याला त्याच दिवशी उलट्या होतील. ॲल्युमिनियमला मीठ खातं. आठ दिवसांनी पातेल्याच्या तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतील, आणि खड्ड्यातून गेलेलं सगळं मांसात असेल. इनॅमल अखंड असतं तर मी हो म्हटलं असतं. टवका उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं, तिथे गंज धरतो आणि उरलेलं कपच्यांनी सुटतं. पिंपाचा दोन आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. त्यात आधी काय भरलेलं होतं ते सांगत नाही. धोब्याच्या पिंपात काय भरलेलं असेल ते तूच ठरव. प्लास्टिक वास धरतं तसं रसायनही धरतं, घासून निघत नाही.

नव्या पांढऱ्या बादल्या घे, झाकणाच्या, वीस लिटरच्या दोन. त्यांच्यावर पेला आणि काटा असं चित्र असायला हवं. ती खूण खाण्याच्या भांड्याची. मांस पाण्याखाली दाबून ठेवायला वर काचेची ताटली उपडी घाल, अंगणातला दगड नको. फ्रिज चार अंशांच्या खाली हवा. मीठ वजन करून घाल, चाखून ठरवू नकोस.

बादल्यांवर काय छापलंय ते उतरवून पाठव, मी कागद देईन. प्रयोगशाळेचा शिक्का मारता येणार नाही. माझी सही आणि पदवी चालेल.

मनगटाबद्दल. लोंबतो म्हणजे नेमकं काय? मूठ वळते पण मनगट वर उचललं जात नाही, असं आहे का? दुखतं, की नुसती ताकद नाही? डॉक्टरांना दाखव आणि रक्त तपासून घे.

धाकटी

३० जानेवारी

मोजपट्टी,

माझ्या मनगटाची काळजी एकदम कुठून उगवली? माझं तिसरं मूल सहाव्या महिन्यात गेलं, मी नऊ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा तुला चार दिवसांची रजा मिळाली नाही. आता इस्त्रीने दमलेल्या हाताचं रक्त तपासून घेऊ म्हणतेस. कपडे कमी केले की हात आपोआप बरा होईल. तेवढ्यासाठीच तर ही धडपड चाललीये.

तुझ्या बादल्या आणल्या. पेला आहे, काटा आहे. छापलेलं सगळं मागच्या पानावर उतरवलंय. मीठ तोललं, ताटली उपडी घातली, फ्रिजमध्ये बाबांचा तापमापक ठेवला. बाबा दोन दिवस तो शोधत होते. दहा दिवसांनी... तूच मोज, दहा झाले नाहीत, आठच झाले, मला दम निघाला नाही... तर आठ दिवसांनी तुकडा उकडून कॅन्टीनवाल्याकडे नेला. त्याने चावला, डोळे मिटले, परत चावला. म्हणाला, “चांगलं आहे. पण आईंचं नाही. त्यांच्या मांसाला मागाहून जिभेवर एक गोडसर यायचं, ते कुठंय?”

ते कुठंय ते मला ठाऊक आहे. तुझ्या घरात आहे.

आणि चाखून ठरवू नकोस म्हणे! आई बावीस वर्षं रोज सकाळी बरणीचं झाकण काढून चमचाभर पाणी जिभेवर घ्यायची, की दुसरा चमचा माझ्या तोंडात. “सांग, काय कमी आहे?” माझ्या जिभेवर तिचा तिच्यापेक्षा जास्त विश्वास. लग्नानंतरही मी रोज दोन गल्ल्या चालत त्या चमच्यासाठी यायचे. तू चमचा बघितलास की नाक मुरडून दाराबाहेर. आई म्हणायची, हिची जीभ आपल्या घरची नाहीच. बरणी ती कधी पूर्ण रिकामीही करायची नाही, जुन्या पाण्यावरच नवं पाणी चढवायची. ते सगळं त्या बरणीत मुरलंय. तुझी बादली काल जन्मली.

बरणी पाठवून दे. मी भांडत नाही, मागते आहे. आई गेल्यावर महिन्याभरात तू ती गुंडाळून नेलीस, तेव्हा मी दारात उभी राहून म्हटलं होतं, “तुला ती काय करायचीय? तू तर कधी चाखलंसुद्धा नाहीस.” तू म्हणालीस, “मला हवी आहे.” ठीक आहे, तीन वर्षं तुला हवी होती. छत्र्या ठेवल्या असशील त्यात. छत्र्यांना दुसरं काहीतरी बघ.

ताई

४ फेब्रुवारी

ताई,

दवाखान्याच्या वेळी मी आले नाही, हे खरं आहे. रजेचं कारण खरं नव्हतं. त्याबद्दल एवढंच लिहिते.

बरणी देता येणार नाही. तिला आतून तडा गेला आहे. वरून दिसत नाही, पण त्यात जुनं साठून कुजतं. ती कपाटावर ठेवलेली आहे. तिच्यात छत्र्या नाहीत. काहीच नाही.

चवीसाठी मीठ लिटरमागे दहा ग्रॅमने वाढव, आणि पूर्ण दहा दिवस थांब. मातीच्या भांड्यातून पाणी थोडं आटतं, त्यामुळे आईचं मांस घट्ट व्हायचं. गोडसरपणासाठी लिटरमागे वीस ग्रॅम साखर घालून बघ. जुनं पाणी नव्यात मिसळू नकोस. पाणी चाखू नकोस.

बादल्यांचा कागद सोबत आहे, सहीसकट.

रक्ताचं मी सहज लिहिलं नव्हतं.

धाकटी

१३ फेब्रुवारी

मोजपट्टी बाई,

तयार बादलीतच तुझी साखर घातली, दहा दिवस थांबले नाही. कॅन्टीनवाला म्हणाला, “हे गोड आहे, पण ते गोड वेगळं होतं.” म्हणजे तुझे वीस ग्रॅम पाण्यात.

तडा गेलेल्या बरणीला आता तूच जप. कपाटावर ठेव, फुलं वाहा. मला तिची गरज उरली नाही.

झालं असं की मावशी आली होती. मी तिच्यापुढे सगळं ओकले: बरणी, बादली, तू. ती आपली शांतपणे चहा फुंकतेय. मग म्हणते, “अगं, तिने तुझ्या आईची नेली तर नेली, माझी आहे की! एकाच कुंभाराच्या, एकाच भट्टीतल्या. त्याच्याकडे दोनच उरल्या होत्या, तुझ्या आईने एक उचलली, मी एक. मी मेली कसलं खारवतेय! तांदूळ भरून ठेवले होते आजवर.” मी चहा तसाच टाकून तिच्याबरोबर गेले. जड किती! दोघींनी मिळून रिक्षात चढवली. रिक्षावाला म्हणाला, “आत कोण आहे?” मावशी म्हणाली, “माझा नवरा.”

तीच गं ती. तोच काळसर गळा, आतून तोच हिरवा काचेसारखा थर. फक्त ही नवीकोरी, आईची वापरून आतून मळकट झाली होती. दहा तारखेला भरली. त्या दिवसापासून रोज सकाळी चमचा घेते. खोटं नाही सांगत, आज चौथ्याच दिवशी पाण्याला आईची गोडी आली. मी मोरीजवळ उभी राहून रडले. बाबांना वाटलं पाय घसरला.

चोवीसला, सोमवारी, कॅन्टीनवाला पहिले पंधरा किलो उचलणार. चव घेऊन तो आताच खूश आहे. बादल्यांचा तुझा कागद त्याने ठेवून घेतलाय, पण भांडं बदललं म्हणून नवा मागतोय. तेवढं लिहून दे: मातीची भाजलेली बरणी, आत हिरवा थर, वीस लिटर. न बघता लिहू शकतेस, हिची जुळी तुझ्याच घरात आहे. तडा नाही, मी दिवा आत सोडून बघितला.

एवढी एक सही कर. बरणीचं मी कायमचं विसरेन. शप्पथ.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. सहा वेळा फोन केला. तीनदा तू माझा आवाज ऐकून ठेवून दिलास, दोनदा वाजत राहिला, एकदा बाबांनी उचलला आणि ‘कोण? कोण?’ करून ठेवला. हे कुरिअरने पाठवते आहे, उद्या पोचेल.

ते पाणी चाखू नकोस. ते मांस कुणाला देऊ नकोस, स्वतःही खाऊ नकोस. आधी एवढं कर, मग पुढचं वाच.

मी तडा गेला असं लिहिलं ते खोटं होतं. आईची बरणी अखंड आहे. तिच्या आतल्या हिरव्या थरात शिसं आहे. जुळी एकाच भट्टीतली असेल तर तिच्यातही असणार.

बरणी मी नेली तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याकडे आईचं काहीच नव्हतं, म्हणून नेली. काही काळाने प्रयोगशाळेत नेऊन तपासली. पद्धत अशी असते: भांड्यात व्हिनेगरचं पाणी काठोकाठ भरायचं, चोवीस तास ठेवायचं, मग त्या पाण्यात काय उतरलं ते मोजायचं. एवढ्या मोठ्या भांड्याला आम्ही लिटरमागे दीड मिलिग्रॅम शिसं चालवून घेतो. एकतीस आलं. मला माझ्या हाताचा भरवसा वाटेना. दुसऱ्यांदा सव्वीस, तिसऱ्यांदा चोवीस. हे एका दिवसाचं. आईचं पाणी तिच्यात बावीस वर्षं उभं होतं. नोंदवहीत मी ‘घरगुती भांडं, मालक अज्ञात’ असं लिहिलं.

शिसं व्हिनेगरमध्ये उतरलं की त्याचा क्षार गोड लागतो. कॅन्टीनवाला जी चव शोधतो आहे ती बहुतेक हीच.

आईच्या पोटात कळा यायच्या, शेवटच्या दोन वर्षांत हातातून पातेलं सुटायचं, तेव्हा वय झालं असं डॉक्टर म्हणाले. शिशाने मनगट असंच लोंबतं, म्हणून मी तुझ्या मनगटाचं विचारलं. बाबांनी आणि मी मांस खाल्लं. पाणी रोज फक्त तुम्ही दोघींनी घेतलं.

आणि हे. शिसं अंगात असेल तर गर्भ टिकणं अवघड होतं. तुझ्या बाबतीत कारण तेच, असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तुझ्या शरीरातच खोट आहे असं भाऊजींच्या घरचे म्हणत होते, त्याला कसलाही आधार नव्हता, एवढं म्हणू शकते.

तुला सांगितलं नाही, कारण ते पाणी आईने स्वतःच्या हाताने तुझ्या तोंडात घातलं होतं. ती गेल्यावर तुझ्याजवळ तिच्या आठवणीखेरीज काही उरलं नव्हतं. मी बरणी लाटली असं तू समजत राहिलीस, तर तुझी आई जशी होती तशी राहील, असं मला वाटलं. बरणी माझ्या कपाटावर आहे तोवर धोका नाही, हे मी धरून चालले. तिला जोड आहे हे मला माहीत नव्हतं.

पाणी मोरीत ओतू नकोस. पांढऱ्या बादल्यांत भरून झाकण लाव, मी ते न्यायची व्यवस्था करते. मांसही त्यातच. तू आणि बाबा दोघांनी रक्त तपासायला द्या. चिठ्ठीवर ‘शिसं’ असं स्पष्ट लिहायला सांग, एरवी ते मोजत नाहीत.

सही करत नाही.

धाकटी

२२ फेब्रुवारी

धाकटे,

आधी एवढं कर मग पुढचं वाच, असं लिहिलं होतंस. मी आधी सगळं वाचलं. दारातच, पायात चपला असताना. कुरिअरवाला सहीसाठी पेन पुढे करून उभा होता आणि माझ्या हाताला ते धरता येईना. तो म्हणाला, “बाई, वाईट बातमी आहे का?” मी म्हटलं, “नाही, बहिणीचं आहे.”

मग सगळं केलं. पाणी बादल्यांत, मांस बादल्यांत. बरणी मागच्या अंगणात उपडी घातलीये.

त्यानंतर कॅन्टीनवाल्याकडे गेले. त्याला सांगता आलं असतं की बरणीला तडा गेला. आपल्या घरात ती सोय आहेच. पण खरं सांगितलं. तो पिठाच्या डब्यावर बसला. पोट हललं नाही. म्हणाला, “मी अकरा वर्षं रोज खाल्लंय. माझ्या डेपोच्या लोकांना घातलंय.” मी म्हटलं, बादलीतलं तरी घ्या, त्याला माझ्या बहिणीची सही आहे. तो म्हणाला, “तुमच्या घरचं आता काहीच नको, ताई. सही पण नको.” काल दुकानात गेले. नव्वद कपडे.

रक्त दिलंय. आकडा या पत्राच्या मागे चिकटवलाय, तुला आकडे आवडतात. डॉक्टरांनी तो वाचून चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, “तुम्ही कारखान्यात होता का कुठे?” मी म्हटलं, आईजवळ होते. बाबांचा बराच कमी आहे. त्यांना पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी वाचलं, आणि टीव्ही बंद करून बसले. मावशी मात्र रोज येते, रडते आणि विचारते, त्या तांदळाचं काय? तिला उत्तर दे.

आईची काळजी तू कशाला वाहिलीस? आई माझी होती तशीच आहे. तिला ठाऊक नव्हतं. जे तिने माझ्या तोंडात घातलं ते आधी स्वतःच्या तोंडात घातलं. तिच्यावर मला रागावता येत नाही, मी करून बघितलं.

पहिलं गेलं तेव्हा सासू म्हणाली, होतं कधीकधी. दुसऱ्या वेळी म्हणाली, बघायला हवं. तिसऱ्या वेळी माझी पेटी दारात आणून ठेवली. मी ती उचलून निघाले, कारण मलाही तेच वाटत होतं. माझंच अंग वाईट आहे, ते कुणाला राहू देत नाही, असं मी स्वतःच मानलं होतं. इस्त्री करताना, भाजी निवडताना, कुणाचं पोर कडेवर घेताना मला वाटायचं, आपला हात लागायला नको. तीन वर्षं. आणि तुझ्याकडे कागद होता. आईला वाचवायचं होतं म्हणे! मेलेल्या माणसाला काय वाचवायचं? जिवंत मी होते.

आता एकच. तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. त्यात सगळीकडे आकडे आहेत. सहा फोन, त्यातले तीन मी ठेवले, दोन वाजले, एक बाबांनी घेतला. चोवीस तास. दीड, एकतीस, सव्वीस, चोवीस. बावीस वर्षं. आणि एकाच ठिकाणी लिहिलंयस, ‘काही काळाने’ तपासली. मोजपट्टी ‘काही काळ’ असं कधीपासून मोजायला लागली?

तू बरणी मार्चमध्ये नेलीस. जूनच्या शेवटी तिचा राग गिळून मी तुला पत्र लिहिलं होतं, मला दिवस गेलेत म्हणून. चार सप्टेंबरला ते गेलं.

तपासल्याची तारीख लिही. दुसरं काही समजावू नकोस.

ताई

२७ फेब्रुवारी

ताई,

मावशीला सांग, कोरड्या तांदळात शिसं जवळजवळ उतरत नाही. ते उतरायला आंबट पाणी लागतं. तिने घाबरू नये. हवं असेल तर तिने रक्त तपासावं.

अहवालावर १९ जून ही तारीख आहे.

तुझं पत्र मला ३० जूनला मिळालं. चौथा महिना सुरळीत चाललाय म्हणून आता सांगते, असं तू लिहिलं होतंस. मी उत्तरात अभिनंदन लिहिलं. पहिल्या कागदावर बरणीची एक ओळ होती. तो फाडून दुसरा घेतला. बरणी तुझ्यापासून दूर झाली म्हणजे धोका संपला, असं त्या दिवशी मी खरंच मानत होते.

६ जुलैला ग्रंथालयात वाचलं की शिसं हाडांत साठून राहतं. पोटात बाळ असताना आईच्या हाडांतला चुना सुटतो, त्याच्याबरोबर शिसंही रक्तात येतं. बरणी दूर होऊन उपयोग नव्हता. त्या पानाची मी झेरॉक्स काढली. तिथून ४ सप्टेंबरपर्यंत साठ दिवस होते.

त्या साठ दिवसांत तुझ्या डॉक्टरांना कळलं असतं तर काही करता आलं असतं का, हे मला माहीत नाही. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर या विषयाचे डॉक्टर बसतात. मी रोज त्यांच्या दारावरून वर जाते. मी त्यांना विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते ‘हो’ म्हणाले असते, तर ते मला कायमचं ठाऊक राहिलं असतं.

दवाखान्यात आले नाही, ते याच कारणाने.

आईसाठी गप्प राहिले असं मागच्या पत्रात लिहिलं. ते ६ जुलैपर्यंत खरं आहे.

झेरॉक्स सोबत जोडली आहे. वरच्या कोपऱ्यात ग्रंथालयाचा शिक्का आहे. तारीख वाचता येते.